ग्लायकॉलिसिस : शोधाचा इतिहास

ग्लायकॉलिसिस (शर्कराविघटन) : ग्लुकोज या शर्करेचे ऑक्सिजनाच्या साहाय्यावाचून टप्प्याटप्प्याने विघटन होऊन पायरुव्हिक अम्ल बनण्याची, सजीवांच्या कोशिकांत (पेशींत) चालणारी विक्रियामालिका. या मालिकेत एकंदर १० विक्रिया असून प्रत्येकीस स्वतंत्र एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) लागते. ग्लुकोजाच्या एका रेणूमागे आरंभी अ‍ॅडिनोसीन ट्रायफॉस्फेट (एटीपी) या ऊर्जावाहक संयुगाचे २ रेणू खर्ची पडतात व पुढे ४ रेणू तयार होतात. म्हणजे निव्वळ प्राप्ती २ रेणूंची होते. ऑक्सिजन नसल्यास पायरुव्हिक अम्लापासून स्नायूंत व दही बनविणाऱ्या सूक्ष्मजंतूंत लॅक्टिक अम्ल, तर यीस्टमध्ये अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड बनतात. ऑक्सिजन असल्यास पायरुव्हिक अम्ल कलकणूंत (कोशिकेतील तंतुकणिकांत) शिरते व त्याचे पूर्ण ज्वलन होऊन एका ग्लुकोज रेणूमागे सु. ३० ते ३२ एटीपी रेणू मिळतात. जुन्या ग्रंथांत हा आकडा ३६ किंवा ३८ दिलेला आढळतो. ग्लायकॉलिसिसाची प्राप्ती या मानाने तुटपुंजी आहे. परंतु ती कलकणूंच्या बाहेर, कोशिकाद्रव्यात होते आणि तिला हवेची गरज नसते. त्यामुळेच ज्या कोशिकांना कलकणू नाहीत, किंवा ज्यांना ऑक्सिजन वेळेवर पोहोचत नाही, त्यांचे जीवित तिच्यावर अवलंबून असते.

इतिहास : या विषयाचा आरंभ प्राणिशरीरात नव्हे, तर द्राक्षरस व बिअर यांच्या पिंपांत झाला. आंत्वान लॉरां लाव्हॉयझर यांनी १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रसायनशास्त्रावरील ग्रंथात शर्करेचे अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत होणारे रूपांतर ताळेबंदाच्या पद्धतीने मांडले होते. हे रूपांतर कोण घडविते, हा प्रश्न मात्र त्यामुळे सुटला नाही. १८३७ च्या सुमारास शार्ल कान्यार द ला तूर, टेओडोर श्वान व फ्रीड्रिख क्यूट्‌सिंग यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे असे दाखविले की, यीस्ट ही सजीव वनस्पती असून किण्वन (आंबण्याची क्रिया) हे तिच्या जगण्याचे कार्य आहे. त्या काळच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना ही कल्पना हास्यास्पद वाटली. फ्रीड्रिख व्हलर व युस्टुस फोन लीबिख यांनी आपल्याच नियतकालिकात १८३९ मध्ये एक निनावी विडंबन छापले. त्यात यीस्टचे सूक्ष्म प्राणी साखर खाऊन अल्कोहॉल उत्सर्जित करताना दाखविले होते. लीबिख यांच्या मते किण्वन म्हणजे कुजणाऱ्या प्रथिनद्रव्यांतील हालचालींचा शर्करेच्या रेणूंना बसणारा केवळ धक्का होता.

लूई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या आपल्या प्रयोगांनी हा वाद वनस्पतिपक्षाच्या बाजूने फिरविला. निरनिराळ्या किण्वनांस निरनिराळे सूक्ष्मजीव कारणीभूत असतात, हे त्यांनी सिद्ध केले. १८६१ मध्ये त्यांनी नोंदविलेले एक निरीक्षण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे : हवा मिळाली की यीस्ट जोमाने वाढते, पण वाढीच्या प्रमाणात साखर फारच थोडी वापरते, हवा बंद केली की वाढ मंदावते व साखर मात्र भराभर संपते. यावरून किण्वन म्हणजे हवेवाचून जगण्याचा एक मार्ग आहे, असे अनुमान पाश्चर यांनी काढले. ऊर्जेचा हा जमाखर्च त्यांना आकड्यांत मांडता आला नाही, तरी त्याचा आशय त्यांनी बरोबर ओळखला होता. मात्र सजीव कोशिकेवाचून किण्वन होणे अशक्य आहे, हा त्यांचा आग्रह पुढे अडसर ठरला. १८७८ मध्ये क्लोद बेर्नार यांच्या मृत्यूनंतर त्यांची काही टिपणे प्रसिद्ध झाली. यीस्टवाचूनही अल्कोहॉल बनते, असे त्यांत सूचित केले होते. पाश्चर यांनी पुढल्याच वर्षी त्यांचे सविस्तर खंडन केले. बेर्नार यांचा पुरावा खरोखरच अपुरा होता; त्यांची शंका मात्र खरी निघाली.

एडूआर्ट बूखनर यांचा शोध १८९७ चा, म्हणजे पाश्चर यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी लागलेला होय. बूखनर यांना किण्वनाचा वाद सोडवायचाच नव्हता. त्यांचे बंधू हान्स बूखनर हे म्यूनिक येथे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते व सूक्ष्मजंतूंच्या शरीरातील प्रथिने औषधी उपयोगासाठी मिळवावीत, या खटपटीत होते. कोशिका फोडण्याची रीत हान्स यांचे साहाय्यक मार्टिन हान यांच्या सूचनेने ठरली. एक किलोग्रॅम यीस्ट तितक्याच गारेच्या वाळूबरोबर व पाव किलोग्रॅम कीसेलगूर या भुसभुशीत मातीबरोबर खलून तो लगदा फडक्यात बांधावयाचा आणि द्रवचालित दाबयंत्रात ४०० ते ५०० वातावरण इतक्या दाबाखाली पिळावयाचा, अशी ती रीत होती. यातून सु. ५०० घ. सेंमी. रस निघे. हा रस लवकर नासत असे व नेहमीची जंतुनाशके घातल्यास त्यातील प्रथिने बिघडत. म्हणून साखरेच्या दाट पाकात मुरंबा टिकतो त्या न्यायाने रसात भरपूर साखर घालण्यात आली. थोड्याच वेळात रसातून बुडबुडे येऊ लागले. रसात एकही जिवंत कोशिका नसताना साखरेचे अल्कोहॉल बनत होते. ही घटना इतरांच्याही नजरेस पडली असती. तिचा अर्थ लावण्याचे श्रेय बूखनर यांचे आहे. रसातील कार्यकारी द्रव्यास त्यांनी ‘झायमेज’ हे नाव दिले. १९०७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या महायुद्धात रूमानियाच्या आघाडीवर जखमी होऊन ते मरण पावले.

झायमेज हे एकच एंझाइम असावे, अशी बूखनर यांची समजूत होती. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर हार्डेन व विल्यम यंग यांनी १९०५-०६ मध्ये ती दूर केली. यीस्टच्या रसातील किण्वन लवकरच मंदावते. परंतु उकळून निर्जीव केलेला रस त्यात मिसळला की ते पुन्हा वेगाने सुरू होते, असे त्यांना आढळले. उकळलेल्या रसातील हा गुण बराचसा फॉस्फेटामुळे होता. साधे फॉस्फेट मिसळले तरी बुडबुड्यांचा वेग वाढे आणि मिसळलेले फॉस्फेट हळूहळू नाहीसे होई. ते कोठे जाते याचा पाठपुरावा करता शर्करेच्या रेणूस दोन फॉस्फेट गट जोडलेले एक संयुग हाती लागले (फ्रुक्टोज १, ६-डायफॉस्फेट). याच संशोधकांनी यीस्टचा रस जिलेटीनयुक्त गाळणीतून दाबाखाली गाळून त्याचे दोन भाग केले. गाळणीवर राहिलेला भाग एकटा निष्क्रिय व गाळलेला द्रवही एकटा निष्क्रिय. दोन्ही एकत्र करताच किण्वन सुरू होई. गाळणीतून जाणाऱ्या, उष्णता सोसणाऱ्या लहान रेणूंच्या द्रव्यास ‘कोझायमेज’ म्हटले गेले. त्याचा प्रमुख घटक आज एनएडी या नावाने ओळखला जातो व त्याची घटना १९३०–४० या दशकात हान्स फोन ऑयलर-केल्पिन आणि ओटो वारबुर्ख यांच्या कार्यामुळे स्पष्ट झाली. साखर आंबताना तिला फॉस्फेट कशासाठी चिकटते, याचे उत्तर मात्र हार्डेन यांना मिळाले नाही. पुढील सु. २५ वर्षे बहुतेक संशोधक त्या संयुगास मुख्य मार्गाबाहेरील आडवाट समजत राहिले.

दरम्यान स्नायूंचा अभ्यास वेगळ्याच वर्तुळात चालू होता. थकलेल्या स्नायूत लॅक्टिक अम्ल असते, हे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक होते. पण मोजमापे जुळत नसत, कारण स्नायू कापताना व कुटतानाच त्यात अम्ल तयार होई. केंब्रिज येथील वॉल्टर फ्लेचर व फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांनी १९०७ मध्ये बेडकाचे स्नायू बर्फासारख्या थंड अल्कोहॉलात खलून ही अडचण दूर केली. विश्रांत स्नायूत अम्ल अत्यल्प असते, ऑक्सिजनाअभावी ते साचते व ऑक्सिजन दिल्यास नाहीसे होते, असे त्यांनी दाखविले. या पायावर कील येथील ओटो मायरहॉफ यांनी असे सिद्ध केले की, स्नायूतील ग्लायकोजेन जितके घटते त्या प्रमाणातच लॅक्टिक अम्ल वाढते. स्नायूंतील उष्णतेची सूक्ष्म मापे घेणारे आर्चिबॉल्ड हिल व मायरहॉफ यांना १९२२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मायरहॉफ यांचे त्याहून दूरगामी निरीक्षण १९१८ मधील आहे. यीस्टमधील कोझायमेज स्नायूतही असते, असे त्यांना त्या वर्षी आढळले. मद्य बनविणारी बुरशी व बेडकाची मांडी यांत रसायनांचे एकच यंत्र चालते, ही कल्पना त्यामुळे प्रथम ठोस झाली. पुढे १९२५-२६ मध्ये त्यांनी स्नायूचाही कोशिकारहित अर्क तयार केला आणि ज्या रीतीने बूखनर यांच्या रसाचा अभ्यास होत होता त्याच रीतीने स्नायूचा अभ्यास शक्य झाला.

यानंतरच्या काळात दोन भक्कम समजुती मोडाव्या लागल्या. पहिली कार्ल नॉयबेर्ख यांची. शर्करेपासून प्रथम मिथिलग्लायऑक्झल हे संयुग बनते व मग त्याचे अल्कोहॉल वा लॅक्टिक अम्ल होते, अशी योजना त्यांनी १९१३ मध्ये मांडली. किण्वन चालू असता सल्फाइट घालून एखादे मधले संयुग अडकवून ठेवण्याची त्यांची पद्धत इतकी यशस्वी होती की, पहिल्या महायुद्धात जर्मनीने तशाच रीतीने साखरेपासून ग्लिसरीन तयार करून स्फोटकांसाठी वापरले. योजना मात्र चुकीची ठरली. मिथिलग्लायऑक्झलाचे लॅक्टिक अम्ल करणाऱ्या एंझाइमास ग्लुटाथायोन लागते, आणि ते काढून टाकलेल्या अर्कातही शर्करेपासून लॅक्टिक अम्ल बनतच राहते, हे कार्ल लोमान यांनी १९३२ मध्ये दाखविले. तरीही ती जवळजवळ २० वर्षे पाठ्यपुस्तकांत टिकली. नॉयबेर्ख यांचा अधिकार मोठा होता, हे त्याचे एक कारण म्हणता येईल.

दुसरी समजूत मायरहॉफ व हिल यांची होती : लॅक्टिक अम्लामुळेच स्नायू आकुंचन पावतो. कोपनहेगन येथील आयनार लुंडसगॉर हे आयोडीनयुक्त संयुगांचे परिणाम दुसऱ्याच हेतूने तपासत होते. आयोडोअ‍ॅसिटिक अम्ल टोचलेल्या प्राण्यांचे स्नायू ताठरत, पण त्यांत अम्ल मुळीच वाढत नसे. १९३० मध्ये त्यांनी दाखवून दिले की, असा विषबाधित स्नायू लॅक्टिक अम्ल न बनविताही काही काळ आकुंचन पावत राहतो व त्याच वेळी त्यातील क्रिएटीन फॉस्फेट घटते. ज्या सिद्धांतास नोबेल पारितोषिकाचे वलय होते तो अशा रीतीने ढासळला. मायरहॉफ यांनी ते मान्य केले आणि नव्या दिशेने काम सुरू केले.

क्रिएटीन फॉस्फेट व एटीपी यांच्या शोधात भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५–१९४८) यांचा वाटा मोलाचा आहे. भीमवरम येथे जन्मलेले व मद्रास येथे वैद्यक शिकलेले सुब्बाराव अमेरिकेत हार्व्हर्ड येथे सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करीत. रक्त व ऊतके (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांचे समूह) यांतील फॉस्फरस रंगाच्या छटेवरून मोजण्याची त्यांची १९२५ मधील पद्धत दोघांच्या नावांनी प्रसिद्ध आहे. स्नायूच्या अर्कात हा रंग अपेक्षेपेक्षा सावकाश चढतो, हे त्यांच्या लक्षात आले. अर्कात एखादे नाजूक फॉस्फेट संयुग असून ते परीक्षकातील अम्लात हळूहळू तुटत असले पाहिजे, या तर्काने त्यांनी १९२७ मध्ये क्रिएटीन फॉस्फेट ओळखले. हीच गोष्ट इंग्लंडमध्ये फिलिप व ग्रेस एगलटन या दांपत्याच्याही लक्षात येत होती. आधीच्या संशोधकांनी ज्यास साधे फॉस्फेट समजून मोजले, त्यात हे संयुग मिसळलेले होते. १९२९ मध्ये मायरहॉफ यांच्या प्रयोगशाळेतील लोमान यांनी एटीपी वेगळे केले; त्याच वर्षी फिस्क व सुब्बाराव यांनीही ते स्वतंत्रपणे मिळविल्याचे प्रसिद्ध केले. हार्व्हर्डमध्ये सुब्बाराव यांना कायम पद मिळाले नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले या औषधनिर्मिती कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले व तेथील त्यांचे कार्य अधिक गाजले. एटीपीच्या संदर्भात त्यांचा उल्लेख मात्र अनेक ग्रंथांत राहून गेला आहे.

विक्रियांचा खरा क्रम फ्रँकफुर्टच्या गुस्टाफ एम्बडेन यांनी १९३३ च्या आरंभी मांडला. फ्ल्युओराइड हे विष घातल्यास स्नायूच्या अर्कात फॉस्फोग्लिसरिक अम्ल साचते, या निरीक्षणाचा त्यांनी आधार घेतला. हार्डेन-यंग संयुगाचे मधोमध दोन तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात तीन कार्बन व एक फॉस्फेट राहते, त्यापासून फॉस्फोग्लिसरिक अम्ल व मग पायरुव्हिक अम्ल बनते आणि शेवटी त्याचे लॅक्टिक अम्ल होते, अशी ही योजना होती. आडवाट समजले गेलेले संयुगच हमरस्त्यावर आहे, असे त्यातून निघाले. कोशिका फोडून, विष घालून, एंझाइमे उपाशी ठेवून म्हणजे जागोजाग अडवूनच ही वाट शोधली गेली, हे या संशोधनाचे ठळक वैशिष्ट्य होय. एम्बडेन यांचे निधन त्याच वर्षी जुलैमध्ये झाले. योजनेची पडताळणी मायरहॉफ व लोमान यांनी हायडल्‌बर्ख येथे आणि याकुब पार्नास यांनी तेव्हाच्या पोलंडमधील ल्वूफ येथे केली. फॉस्फेट गट एका संयुगावरून थेट दुसऱ्यावर व अखेर एटीपीवर सोपविला जातो, ही पार्नास यांची १९३४-३५ मधील कल्पना निर्णायक ठरली. ग्लायकोजेनापासून निघणारा पहिला फॉस्फेट एस्टर कार्ल व गर्टी कोरी यांनी १९३६ मध्ये ओळखला.

तरीही ऊर्जा नेमकी कोठे पकडली जाते, हे स्पष्ट नव्हते. अर्कातील ऑक्सिडीभवन व एटीपीची निर्मिती ही एकमेकांशी बांधलेली आहेत, असे केंब्रिज येथील डॉरोथी नीडहॅम व आर. के. पिल्लै यांनी १९३७ मध्ये दाखविले. या बंधनाची यंत्रणा १९३९ मध्ये वारबुर्ख व त्यांचे सहकारी यांनी एंझाइम स्फटिकरूपात मिळवून उलगडली. ग्लिसराल्डिहाइड फॉस्फेटातील हायड्रोजन एनएडी काढून घेते, त्याच क्षणी साधे फॉस्फेट त्या रेणूस जोडले जाते आणि हा अस्थिर गट पुढील विक्रियेत एटीपी बनवितो. हार्डेन यांच्या नळीतून नाहीशा होणाऱ्या फॉस्फेटाचा हिशेब ३० हून अधिक वर्षांनी असा लागला.

हा हिशेब लागत असतानाच तो लावणारी माणसे पांगली. ज्यू म्हणून नॉयबेर्ख यांना आपल्या संस्थेचे संचालकपद सोडावे लागले व ते देशोदेशी भटकत अमेरिकेत गेले. मायरहॉफ यांनी १९३८ मध्ये जर्मनी सोडली. पॅरिस जर्मनांच्या हाती पडल्यावर ते पिरेनीज पर्वत ओलांडून १९४० च्या अखेरीस फिलाडेल्फियास पोहोचले. पार्नास सोव्हिएट रशियात गेले, तेथे त्यांचा गौरव झाला, आणि जानेवारी १९४९ मध्ये मॉस्को येथे अटक होऊन त्याच दिवशी तुरुंगात त्यांचा अंत झाला. या मालिकेस एम्बडेन–मायरहॉफ–पार्नास मार्ग म्हणतात. नावात लोमान, वारबुर्ख, कोरी व नीडहॅम यांना स्थान नाही. तीनच नावे जोडण्याच्या या प्रघातास परंपरेखेरीज फारसा आधार देता येत नाही.

स्थाननिश्चिती : ही मालिका ‘कलकणूंच्या बाहेर’ चालते, हे विधान १९४८ पूर्वी करणेच शक्य नव्हते. फोडलेल्या कोशिकांचे घटक केंद्रोत्सारकाच्या साहाय्याने अलग करून अखंड कलकणू मिळविण्याची रीत त्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सिद्ध झाली. पायरुव्हिक अम्लाच्या पुढील ज्वलनाची एंझाइमे कलकणूंत असतात, हे यूजीन केनेडी व ॲल्बर्ट लेनिंजर यांनी १९४८-४९ मध्ये दाखविले. ग्लायकॉलिसिसाची एंझाइमे मात्र कोशिकाद्रव्याच्या विद्राव्य भागात राहिली. बूखनर यांच्या दाबयंत्रातून ती इतक्या सहज का बाहेर आली व श्वसनाची एंझाइमे काढणे इतके अवघड का गेले, याचा उलगडाही त्यामुळे झाला. या दोन यंत्रणांस जोडणारी सामाईक चलनव्यवस्था एटीपीची आहे, हे मायरहॉफ यांच्याकडे काम केलेले फ्रिट्स लिपमान यांनी १९४१ मध्येच मांडले होते.

तांबड्या रक्तकोशिका : माणसाच्या परिपक्व तांबड्या कोशिकेत केंद्रक नसते व कलकणूही नसतात. आयुष्याचे सु. १२० दिवस ती ऑक्सिजन वाहते, पण स्वतःसाठी त्याचा वापर करीत नाही, ग्लायकॉलिसिसावरच जगते. त्यामुळे मालिकेतील एखादे एंझाइम जन्मतः कमी असल्यास या कोशिका अकाली फुटतात. पायरुव्हेट कायनेजाच्या न्यूनतेमुळे होणारा असा पांडुरोग १९६१ मध्ये ओळखला गेला. रक्तपेढीची उभारणीही याच विक्रियांवर झाली आहे. बाटलीतील रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट पुरेसे असते. परंतु कोशिका जिवंत राहण्यासाठी ग्लुकोज द्यावे लागते, हे पेटन राऊस व जे. आर. टर्नर यांनी १९१६ मध्ये दाखविले आणि १९१७ मध्ये पश्चिम आघाडीवर ऑस्वल्ड रॉबर्टसन यांनी असे साठविलेले रक्त जखमी सैनिकांना दिले. तेव्हा ग्लुकोज का उपयोगी पडते, हे कोणासही ठाऊक नव्हते. १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये जे. एफ. लाउटिट व पी. एल. मॉलिसन यांनी सायट्रिक अम्लयुक्त मिश्रण तयार केले. त्यात रक्त २१ दिवस ठेवता येऊ लागले. पुढे एटीपीचा घटक असलेले अ‍ॅडिनीन घातल्याने ही मुदत ३५ व नंतर विशेष मिश्रणांनी ४२ दिवसांपर्यंत वाढली.

अर्बुदे : अर्बुदांच्या (गाठींच्या) पातळ चकत्या ऑक्सिजन असतानाही भरपूर लॅक्टिक अम्ल बनवितात, हे वारबुर्ख यांनी १९२३-२४ च्या सुमारास पाहिले. कर्करोगाचे मूळ बिघडलेल्या श्वसनात आहे, हा त्यांचा निष्कर्ष मात्र टिकला नाही; अनेक अर्बुदांतील कलकणू व्यवस्थित काम करतात. निरीक्षण तेवढे टिकले व त्याचा उपयोगही झाला. किरणोत्सर्गी फ्ल्युओरीन जोडलेले ग्लुकोजसदृश संयुग शरीरात सोडल्यास ते अर्बुदांत अधिक साचते व त्याचे चित्र घेता येते. भारतात या प्रकारच्या तपासणीस मुंबई येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण वैद्यक केंद्रात २००२ मध्ये आरंभ झाला.

अपवाद : ग्लायकॉलिसिसाचे स्थान सर्वत्र कोशिकाद्रव्यच असते, असे नाही. आफ्रिकेतील निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोमा या परजीवीत मालिकेतील पहिली सात एंझाइमे ग्लायकोसोम नावाच्या वेगळ्या, पटलयुक्त पिशव्यांत बंदिस्त असतात, असे फ्रेड ऑपरडूस व पीट बोर्स्ट यांना १९७७ मध्ये आढळले. चिंचिला या कृंतक (कुरतडणाऱ्या) प्राण्याच्या आतड्यातून मिळविलेल्या मोनोसर्कोमोनॉइडीस या एककोशिक जीवात तर कलकणू किंवा त्यांचे कोणतेही अवशेष नाहीत, असे २०१६ मध्ये त्याच्या संपूर्ण जीनसमूहाच्या अभ्यासावरून जाहीर झाले. केंद्रकयुक्त कोशिकेचे हे पहिलेच ज्ञात उदाहरण असून तिची ऊर्जा मुख्यतः ग्लायकॉलिसिसातून येते.